नंबर वाढवला तरी सातव्या किलोमीटरला बोटं बधिर? बूट नक्की कुठे चावतोय ते शोधा

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. पहिले पाच-सहा किलोमीटर काही जाणवत नाही, मग करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटांना मुंग्या यायला लागतात, पुढे सगळा चवडाच बधिर. थांबून बूट काढला की पाच मिनिटांत पाय पुन्हा ताळ्यावर. बूट नवा असतो, चांगल्या कंपनीचा, जाड मऊ सोलचा, दहा-बारा हजारांचा. मग पुढचा जोड अर्धा नंबर मोठा घेतला जातो आणि दोन महिन्यांत तीच तक्रार परत.

मी स्वतः तीन जोड या चक्रात घालवले. साताऱ्यात राहते, आठवड्यातून तीनदा समर्थ मंदिराकडून यवतेश्वराचा घाट चढते. पहिला जोड यूके 5 होता, दुसरा साडेपाच, तिसरा सहा. तिसऱ्या वेळी दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, धावायला एक नंबर मोठाच घ्यायचा असतो." बोटांपुढे मोकळी जागा दिसत होती, म्हणून मला ते पटलं. त्या सहा नंबरात बोटं बधिर व्हायची ती झालीच, शिवाय टाच सटकायला लागली. टाच सटकते म्हणून नाडी करकचून आवळली, तर पायाच्या वरच्या बाजूला दुखू लागलं. एका दुखण्याची तीन दुखणी झाली. माझ्या पायाला लांबी कधी कमी पडलीच नव्हती. कमी पडत होती रुंदी. हे कळायला एक कोरा कागद, पेन्सिल आणि बुटातून बाहेर काढलेला सुखतळा एवढंच पुरलं.

लांबी वाढवून रुंदी का मिळत नाही

यूके नंबराची पद्धत जवाच्या दाण्यावरून आली आहे. एका इंचात तीन जव, आणि एक नंबर म्हणजे एक जव, साधारण साडेआठ मिलिमीटर. म्हणजे अर्धा नंबर वाढवला की बूट सव्वाचार मिलिमीटर लांब होतो. चवड्यापाशी रुंदी मात्र जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर वाढते. ज्याला आठ मिलिमीटर जादा रुंदी हवी आहे तो नंबर वाढवत कुठवर जाणार?

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी जी हाडं बाहेर येतात, तो आपल्या पायाचा सगळ्यात रुंद भाग. बुटाचाही सगळ्यात रुंद भाग बरोबर तिथेच यायला हवा, आणि बूट वाकतो ती रेघही तिथेच. बूट गरजेपेक्षा लांब घेतला की त्याची रुंद जागा पुढे सरकते आणि आपला चवडा मागच्या निमुळत्या भागात, बुटाच्या कमरेशी, बसतो. म्हणजे बोटांपुढे जागा रिकामी आणि चवडा मात्र आधीसारखाच दाबलेला. दुकानात उभं राहून पुढे अंगठा दाबून पाहिला तर बूट ऐसपैस वाटतो, म्हणून फसगत होते.

मग पहिले सहा किलोमीटर काही का होत नाही? कारण धावताना पाय सुजतो, तापतो आणि प्रत्येक पावलाला चवडा पसरतो. घरून निघताना बुटात जी दोन-तीन मिलिमीटर जागा होती ती अर्ध्या-पाऊण तासात संपते. चवड्याच्या लांब हाडांमधून बोटांकडे नसा जातात. दोन्ही बाजूंनी दाब आला की त्या चेपतात, आणि मुंग्या सुरू होतात. उन्हाळ्यात हे लवकर होतं, थंडीत उशिरा.

आपल्याकडे ही तक्रार जास्त आढळते, त्यालाही कारण आहे. आपण निम्मं आयुष्य अनवाणी नाहीतर चपलेत काढतो, बोटांना पसरायला मोकळीक असते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. त्यातून दिसलं ते हेच, की भारतीय पाय सर्वसाधारणपणे युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद आहेत. त्याच मोजणीवरून 'भा' ही भारतीय मापपद्धती सुचवली गेली. धावण्याचे बहुतेक बूट मात्र आजही परदेशी साच्यांवर बनतात.

घरी करायची तपासणी

हे संध्याकाळी करा, सकाळी नको. दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो, धावताना तो असतो तसा. धावताना घालता ते मोजेही पायात हवेत.

भिंतीला कागद टेकवा, टाच भिंतीला लावा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. बसून मोजलं तर माप कमी येतं. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पायाची कड काढायला सांगा, कारण स्वतः वाकलात की भार सरकतो. लांबी भिंतीपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत घ्या. पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं आणि ते मोजायचंच राहून जातं. रुंदी अंगठ्याच्या मुळाच्या हाडापासून करंगळीच्या मुळाच्या हाडापर्यंत, थोडी तिरकी. दोन्ही पाय मोजा. बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, बूट त्याच्या मापाचा घ्यायचा.

आता सध्याच्या बुटातला सुखतळा, दुकानदार ज्याला इनसोल म्हणतात तो, बाहेर काढा आणि त्यावर उभे राहा. पाय मागे टाचेच्या वाटीत नीट बसवा. मग बघा: पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर जागा उरते का? आणि करंगळीकडचं मांस सुखतळ्याच्या बाहेर ओघळतं का? माझं दोन्ही बाजूंना ओघळत होतं, करंगळीकडे तर चांगलंच. पुढे जागा भरपूर आणि बाजूला ओघळ, असं दिसलं की तुमचा प्रश्न रुंदीचा आहे. पुढेच जागा नसेल तर तो लांबीचा. दोन्ही नीट दिसत असेल तर नाडीकडे वळा.

नाडीची परीक्षा रस्त्यावर होते. मुंग्या सुरू झाल्या की थांबा आणि फक्त खालची, बोटांकडची दोन-तीन भोकं सैल करा, वरची तशीच ठेवा. पुढच्या पाच-सात मिनिटांत बरं वाटलं तर दाब चवड्यावरच आहे. काहीच फरक नाही, पण वरची नाडी सैल केल्यावर आराम पडतो, असं असेल तर पायाच्या पाठीवरून जाणाऱ्या नसा नाडीखाली चेपत आहेत. त्यासाठी नवा बूट लागत नाही. जिथे दुखतं त्या जागेवरून नाडी आडवी नेऊ नका. दोन्ही बाजूंनी ती सरळ वरच्या भोकात घ्या आणि तिथून पुढे नेहमीसारखी फुली करत जा. मधे एक खिडकी उरते, दाब जातो.

मोजेही तपासा. जाड सुती मोजा घामाने भिजून फुगतो आणि बुटातली जागा खातो. एका ओळखीच्या काकांचा बधिरपणा निव्वळ पातळ सिंथेटिक मोजे घातल्यावर गेला.

डब्यावरची अक्षरं

रुंदी डब्याच्या कडेला अक्षरात लिहिलेली असते आणि दुकानात ती फारसं कुणी वाचून दाखवत नाही. पुरुषांच्या बुटात डी म्हणजे नेहमीची रुंदी, 2ई म्हणजे रुंद, 4ई म्हणजे खूपच रुंद. बायकांच्या बुटात बी नेहमीची आणि डी रुंद. यातली गोम लक्षात घ्या: बायकांचा 'रुंद' बूट म्हणजे पुरुषांची 'नेहमीची' रुंदी. म्हणून रुंद पायाच्या ज्या बाईला डी रुंदीचा बायकांचा बूट मिळत नाही, तिने पुरुषांचा त्याच सेंटीमीटरचा बूट घालून पाहायला काही हरकत नाही. फक्त टाच तिथे सैल वाटू शकते. न्यू बॅलन्स, ब्रूक्स आणि असिक्स यांच्या काही मॉडेलांत रुंद माप येतं. दुकानात नसेल तर मागवून घ्या. माझा चौथा जोड तसाच मागवला: परत पाच नंबर, पण डी रुंदीचा. पहिल्या जोडाइतकाच लांब. त्या बुटात मी आता दोन तास धावते.

यूके नंबरावर विसंबू नका, सेंटीमीटर बघा. पुरुषांच्या बुटात नाइकी आणि असिक्सच्या लेबलवर यूके 8 म्हणजे 27 सेंटीमीटर, तर आदिदासच्या लेबलवर यूके 8 म्हणजे साडेसव्वीस. नंबर तोच, आणि फरक अर्ध्या सेंटीमीटरचा. "मला सगळीकडे आठच लागतो" असं म्हणणारा माणूस यातच फसतो. हा आकडा बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलवर बारीक अक्षरात असतो. जो जोड लांबीला बरोबर बसतो त्याचा आकडा एकदा लिहून ठेवा.

आणि तेच मॉडेल, पुढची आवृत्ती म्हणजे तोच बूट नव्हे. नाइकीचा पेगासस 1983 पासून निघतो आहे, पण आवृत्ती बदलली की साचा, कापड, सोलची उंची, काहीही बदलू शकतं. असिक्सचा निंबस 24 आणि 25 शेजारी ठेवा, नाव सारखं असूनही दोन वेगळे बूट दिसतील. आधीचा छान बसायचा म्हणून नवा न घालता मागवणं हे या तक्रारीचं फार नेहमीचं कारण आहे.

न्यूट्रल घ्यायचा की आधारवाला

न्यूट्रल बूट म्हणजे ज्याच्या आतल्या बाजूला पाय वळू नये म्हणून कडक फोमचा तुकडा किंवा उंच कडा बसवलेल्या नसतात. कुशनिंग दोन्ही प्रकारांत असतं, त्यामुळे नुसतं मऊ आहे यावरून ओळखता येत नाही. असिक्समध्ये निंबस आणि क्युम्युलस न्यूट्रल, कायानो आणि जीटी-2000 आधाराचे. ब्रूक्समध्ये घोस्ट आणि ग्लिसरिन न्यूट्रल, पण नावापुढे जीटीएस लिहिलेलं असेल तर तो आधाराचा. सॉकनीचे राइड आणि ट्रायम्फ न्यूट्रल, गाइड आधाराचा. होकाचे क्लिफ्टन आणि बाँडाय न्यूट्रल, अराही आधाराचा.

दुकानात ट्रेडमिलवर दोन मिनिटं पळवून, पडद्यावर रेघ दाखवून "तुमचा पाय आत वळतो, तुम्हाला आधाराचाच लागेल" असं सांगतात. पाय टेकल्यावर थोडा आत वळतोच. धक्का पचवण्याची ती शरीराची रीत आहे. डेन्मार्कमध्ये 927 नवशिक्या धावपटूंना, त्यांचा पाय कसाही वळत असो, एकाच प्रकारचे न्यूट्रल बूट देऊन वर्षभर पाहिलं गेलं. पाय माफक आत वळणाऱ्यांना त्यात जास्त दुखापती झाल्या नाहीत. हा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर, 2015 मध्ये, कॅल्गरी विद्यापीठाचे बेन्नो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की पायाला जो बूट आरामाचा वाटतो तो निवडणं हीच चांगली चाळणी आहे. मला हे मनापासून पटतं, कारण आपला पाय आपल्याला काय सांगतो ते बाजूला ठेवून दुसऱ्याच्या पडद्यावरची रेघ खरी मानायची, यातच आपण फसतो. पण आधाराच्या बुटात वर्षानुवर्षं विनातक्रार धावत असाल तर न्यूट्रलकडे वळू नका. घोट्याच्या आतल्या बाजूचा स्नायू किंवा शीर दुखावण्याचा इतिहास असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.

किती मऊ

लक्झेंबर्गमध्ये 848 हौशी धावपटूंना एकाच बुटाची कडक आणि मऊ रूपं, कोणतं कुठलं हे न सांगता, सहा महिने दिली होती. कडक बुटांत दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. अभ्यास 2020 चा आहे, आणि त्यात एक अनपेक्षित गोष्ट दिसली: मऊ सोलचा फायदा वजनदार लोकांपेक्षा हलक्या लोकांना ठळक मिळाला. तेव्हा "वजन जास्त, म्हणून सगळ्यात जाड गादी" हा हिशेब सरळ नाही.

फार मऊ बुटाचा त्रास असा, की पाय फोममध्ये एका बाजूला रुततो आणि घोटा सावरायला धडपडतो. घाटाच्या कडेच्या खडीवर आणि वळणाच्या तिरक्या रस्त्यावर हे लगेच कळतं. काही जाड सोलच्या बुटांत फोमच्या कडा पायाच्या दोन्ही बाजूंनी वर आलेल्या असतात. पाय रुंद असेल तर कमानीच्या आतल्या बाजूला त्या घासतात आणि तिथे फोड येतो. हा फोड मोजे बदलून जात नाही. तो बूट तुमचा नाही, एवढंच समजा. दुकानात एका पायावर दहा सेकंद उभं राहून बघा. घोटा डगमगत असेल तर थोडा कमी मऊ मागा. गालिच्यावर नको, फरशीवर उभे राहा.

टाच सटकते

लांबी बरोबर असूनही टाच उचलली जात असेल तर घोट्याजवळचं ते जादा भोक वापरा, बहुतेक जण ते रिकामंच सोडतात. नाडीचं टोक त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात घाला, पण पूर्ण ओढू नका, छोटा फासा राहू द्या. दोन्ही बाजूंना असे फासे झाले की नाडीची टोकं उलट बाजूच्या फाशातून काढा, आधी खाली ओढा आणि मग गाठ मारा. टाच मागे घट्ट धरली जाते आणि चवड्याकडची नाडी सैल ठेवता येते. रुंद चवडा आणि निमुळती टाच असलेल्यांनी हे शिकून घ्यावंच.

नखं काळी पडतात

हे बहुतेक वेळा उताराचं दुखणं. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये आधी चढायचं आणि मग तेवढंच उतरायचं. काळी नखं त्या उताराची कमाई. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि नख पुढच्या भिंतीवर हजारो वेळा आदळतं. आधी वर सांगितलेली टाचेची नाडी बांधा, नखं सरळ आणि आखूड कापा. तरीही काळी पडली आणि सुखतळ्यावर उभं राहिल्यावर पुढे दहा मिलिमीटरपेक्षा कमी जागा दिसली, तर अर्धा नंबर वाढवायला योग्य कारण आहे. नंबर वाढवणं हे या एका तक्रारीचं औषध आहे. ते सगळ्याच तक्रारींवर दिलं जातं, म्हणून गोंधळ होतो.

पावसाळा

ओल्या मोज्यात सगळेच बूट चावतात, त्यावरून बुटाची परीक्षा करू नका. घरी आल्यावर सुखतळे काढा, बुटात रद्दी कोंबा आणि तासाभराने ती बदला. कडक ऊन, गिझर किंवा चुलीजवळची धग यांनी फोम आणि डिंक दोन्ही बिघडतात. जिभेच्या आत मार्करने विकत घेतल्याची तारीख लिहून ठेवा. 500 ते 800 किलोमीटर झाले की फोम दबलेला असतो. चांगला बसणारा बूट अचानक चावायला लागला तर आधी ती तारीख बघा.

नवा जोड घेताना

कागदावर काढलेला पाय सोबत न्या. दुकानात पहिली गोष्ट, सुखतळा काढून त्या कागदाशी जुळवा. दोन्ही पायांत बूट घालून, नाडी नीट बांधून, दुकानाबाहेर शंभर पावलं पळू देतील का ते विचारा. चांगला दुकानदार पळू देतो. बोटं आत वर-खाली हलवता आली पाहिजेत, चवड्याच्या बाजूला कापड ताणून फुगलेलं दिसता कामा नये, आणि वरून दोन बोटांनी चिमटा काढला तर थोडं कापड हातात आलं पाहिजे. "घालून घालून सैल होईल" हे चामड्याच्या वहाणांना लागू आहे, कोल्हापुरी तर पायाला तशीच बसते. धावण्याच्या बुटाचं जाळीचं कापड थोडंफार सैलावेल, पण सोलची रुंदी जिथे आहे तिथेच राहते. घरी आणल्यावर परत करायची मुदत संपेपर्यंत लेबल काढू नका. संध्याकाळी घरातच, स्वच्छ फरशीवर, अर्धा-पाऊण तास घालून वावरा. मुंग्या यायच्या असतील तर त्यांची चाहूल तिथेच लागते.

एवढं करूनही बधिरपणा जात नसेल

रुंद बूट, सैल नाडी, पातळ मोजे, सगळं झालं, तरी तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधे आग होत असेल, खडा टोचल्यासारखं वाटत असेल, आणि अनवाणी चालतानाही ते जाणवत असेल, तर तिथली नस जाड झालेली असू शकते. अस्थिरोग तज्ज्ञाला दाखवा, नवे बूट घेत बसू नका. मुंग्या कमरेपासून किंवा मांडीतून खाली येत असतील तरीही तेच. आणि मधुमेह असलेल्यांना माझी कळकळीची विनंती: तुमच्या पायातला बधिरपणा बुटाचा आहे असं धरून चालू नका. रोज रात्री तळवा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा, फोड किंवा चिघळलेली जागा दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि ती भरून येईपर्यंत धावणं बंद ठेवा.